वेस फ्रीसनला द्यायचा लखोटा

माझ्या हृदयाची झडप मंगळवार, १४ फेब्रुवारी रोजी सकाळी आठ वाजता बदलायची आहे. तारीख काल सॅस्काटूनच्या शल्यविशारदांच्या कार्यालयाने फोनवर पक्की केली. मी चुकीचे ऐकले असेन म्हणून माझी मुलगी कार्ला हिने पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. शंभरातले सहा जण टेबलावरून उठत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. सबब मी, लॉर्न हलुश्का, वय एकाहत्तर, राहणार कॅनोरा, सस्कॅचवान, धंदा ज्युनियर आइस हॉकीतले खेळाडू व्यावसायिक संघांसाठी हेरणे, दोन वर्षांपासून बेकार, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचे रद्द समजावे. त्यात आयरीन, माझी पत्नी, हयात होती.

१. राहते घर, त्यामागची जागा आणि बँकेतली शिल्लक कार्लाला. तळघरातल्या शीतपेटीत आयरीनच्या हातच्या पेरोहींची, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडीच्या करंज्यांची, शेवटची पिशवी आहे. ती चार वर्षे जुनी आहे. खाऊ नये, पण मी असेपर्यंत फेकूही नये. नंतर कार्लाने ठरवावे.

२. बर्फातले बूट मर्ल टोर्गरसन यांना द्यायचे होते. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील जोन वाखोव्स्की म्हणतात. मर्ल यांनी बूट सोडून साक्ष पसंत केली. बूट चर्चला द्यावेत.

३. ज्या संघासाठी मी तीस हिवाळे गाडी हाकली आणि ज्याने दोन ओळींचे पत्र पाठवून मला मोकळे केले, त्याला काहीही नाही. माझ्या एकेचाळीस वह्या कार्लाने ठेवाव्यात. त्या संघाचा माणूस मागायला आला तर त्याला कॉफी द्यावी, वह्या देऊ नयेत.

४. वेस फ्रीसन, राहणार मेल्व्हिल, धंदा माझाच, संघ दुसरा. हा अजून कामावर आहे. अकरा हिवाळे आम्ही पेट्रोल वाचवायला एका गाडीतून हिंडलो. आमच्या धंद्यात हे चालते. गाडीत बायकांबद्दल, गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल बोलायचे, खेळाडूचे नाव काढायचे नाही. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पोचलो की तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. त्याला प्रत्येक रिंकवर कॉफी फुकट मिळे, मला विचारावी लागे. आयरीन दोघांचे डबे भरून द्यायची आणि खसखशीचा रोल वेसच्या डब्यात जाड कापलेला असायचा. मी एकदा दोन्ही डबे उघडून पाहिले आहेत. आयरीन म्हणाली, “तो एकटा राहतो रे.” मी बरा दुकटा होतो म्हणायचा. डब्यांबद्दलची तक्रार मी येथे सोडून देत आहे. पुढची सोडलेली नाही.

५. १९९३ साली उत्तरेकडच्या एका गावात मला डेनिस लाफ्रॉय हा बुटका आघाडीपटू सापडला. इतर संघांना सुगावा लागू नये म्हणून मी त्याचा खेळ प्रत्येक वेळी पहिल्या सत्रानंतर सोडून निघालो, जणू वेळ वाया गेला. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आमची पाळी येण्याआधी एक नंबर वेसच्या संघाने त्याला उचलले. लाफ्रॉय पुढे नऊशे सामने खेळला. त्या दिवशी व्हरांड्यात मी वेसला गाठले आणि नाव त्याच्याकडे कोणी फोडले ते विचारले.

“तूच,” तो म्हणाला. “पोरगा आवडला नाही की तू शेवटपर्यंत बसून शेंगदाणे खातोस. आवडला की पळतोस. सहा वर्षं झाली लॉर्न, मी पोरं कमी बघतो, तुलाच जास्त बघतो.”

तो हसत होता. वर म्हणाला की परतीच्या गाडीत जागा आहे. मी बसने आलो. तेव्हापासून आम्ही एका गाडीत बसलेलो नाही, आणि तेव्हापासून वेसच्या संघाचा एकही चांगला खेळाडू मी शांतपणे पाहू शकलेलो नाही. तो चुकला की मला बरे वाटते. हे लिहून ठेवलेले बरे.

६. आता लखोटा. या हिवाळ्यात तिकीट काढून सामने बघताना मला एक बचावपटू दिसला. नाव आणि गाव येथे लिहीत नाही, कारण मर्ल रिंकवर बर्फ करतात आणि त्यांना भाऊ पाच आहेत. खालच्या लीगमध्ये खेळतो, एकोणीस वर्षांचा आहे. व्हिडिओत तो काहीच करताना दिसत नाही. समोरच्याला वळायचे असते तिथे हा आधीच उभा असतो, एवढेच, आणि ते रिंकवर बसल्याशिवाय कळत नाही. कोणत्याही संघाच्या यादीत तो नाही. वयामुळे यंदाचा जूनचा ड्राफ्ट त्याचा शेवटचा. निवड झाली नाही तर शरदात मामाबरोबर पोटॅशच्या खाणीत उतरायचे त्याने ठरवले आहे. आतापर्यंत मी चार संघांना फोन केले. चौघांनीही व्हिडिओ मागितला. नुसत्या नावावर गाडी काढील असा माणूस या प्रांतात एकच आहे.

म्हणून नाव, गाव आणि माझी अकरा पाने लखोट्यात घालून लाखेने बंद केली, आणि मी मेल्यावर तो वेसला द्यावा असे लिहिले. कार्लाने वाचले.

“बाबा, त्या पोराचं भलं व्हायचं असेल तर आजच फोन करा ना.”

मी म्हणालो, “आज केला तर तो वेसचा होईल.”

“आणि तुम्ही गेल्यावर?”

“तेव्हा बघायला मी नसेन.”

“आणि वाचलात तर? मग तो खाणीत जाणार, तुम्ही वाचलात म्हणून?”

ती भांडी घासायला निघून गेली. मी वरचे वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत.

७. खोडलेल्याच्या जागी हे वाचावे. १४ तारखेला आठ ते एक मी भुलीखाली असेन. तेवढा वेळ मला हेवा करता येणार नाही. वकील वाखोव्स्की यांनी त्या दिवशी सकाळी दहा वाजता लखोटा वेसच्या हातात द्यावा, मी जगो वा मरो. शुद्धीवर आल्यावर मी फोन करून तो परत मागेन. माझे ऐकू नये. हे कलम मृत्यूनंतरचे नाही, तेव्हा मृत्युपत्रात त्याला जागा नाही, अशी वकिलांची हरकत आहे. ती नोंदवून कलम तसेच ठेवले आहे.

त्या संध्याकाळी साडेसातला त्या पोराचा सामना आहे. मेल्व्हिलहून तीन तास लागतात आणि त्या आठवड्यात बर्फ नाही असे शेतकऱ्यांचे पंचांग सांगते. वेस चारला निघेल, पहिल्या सत्राआधी पोचेल.

कॅनोरा, सस्कॅचवान. गुरुवार, २ फेब्रुवारी २०१२.

(सही) लॉर्न हलुश्का

लॉर्न यांनी आम्हा दोघांच्या समक्ष आणि आम्ही एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:
(सही) मर्ल टोर्गरसन, रिंक कर्मचारी
(सही) पॉलीन डेचेन, पोस्टमास्तर