बायकोच्या पानांवर एकही खूण नाही

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घातला आहे, पण धरून घ्या). तुमचा दमा कसा आहे? खिडकी लावून झोपता ना? इकडे मी बरी आहे, म्हणजे जेवते, वाचते आणि संशय घेते. कोणावर, ते विचारू नका. नाही, विचाराच. तुमच्या भावावर.

घडलं ते असं. नात आता नववीत आहे. शाळेने एक जुनी, दोन भागांची कादंबरी नेमून प्रश्न घातला: नायकाचं खरं प्रेम बायकोवर की गाणाऱ्या बाईवर, ते पुराव्यासह लिहा. (आमच्या वेळी प्रेमाचा पुरावा कोणी मागत नव्हतं. मागायला हवा होता.) दुकानात प्रत मिळेना, म्हणून मी ह्यांची ट्रंक उघडली. हे जाऊन सात वर्षं झाली, ती मी फक्त ऊन दाखवायला उघडते आणि लगेच मिटते. हे छापखान्यात मुद्रितं (प्रुफं) तपासायचे. नेमक्या त्याच कादंबरीची, ह्यांनी तपासलेली पानं बांधून केलेला पहिला भाग आत होता. असल्याच रद्द कागदांवर बोट ठेवत मी वाचायला शिकले, त्यामुळे ह्यांची लाल पेन्सिल मी लांबूनही ओळखते.

नातीने पानं चाळली आणि म्हणाली, "आजी, आजोबांनी गाणारीचं एकेक पान किती मन लावून वाचलंय बघ! बायकोच्या पानांवर एकसुद्धा खूण नाही. झाला की पुरावा!" मला मेलीला तो पुरावा काही गिळवेना. चष्मा पुसून मी स्वतः पाहिलं. गाणारी आली की समासात लाल मुंग्यांची रांग, आणि बायकोच्या एकवीस पानांवर टिंब नाही. आणि वन्सं, छापखान्यात बांधणीला एक बाई होती, ती काम करताना गायची. हे मला कायम सांगायचे, "तिचा आवाज काही खास नाही." जो आवाज खास नाही, त्याबद्दल माणूस महिन्यातून एकदा आपणहून बोलतो का?

दुसऱ्या दिवशी नातीच्या अभ्यासाचं निमित्त करून मी त्या बांधणीवाल्या बाईच्या दारात उभी राहिले. वाटलं, निदान थोडी चपापेल. छे! हसली, पाट पुढे केला आणि म्हणाली, "कोण, साहेब? अहो वहिनी, ते आले की आम्ही श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. मला म्हणायचे, गाणं बंद करा, चुका निसटतात. जन्मात एकदाच निसटली त्यांच्याकडून, ह्याच पुस्तकात. अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, झोपला होतात का? तर मान खाली घालून म्हणतात कसे, तपासत नव्हतो, वाचत होतो."

घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता शोधलं. पान एकशे बारा. बायको नवऱ्याच्या कोटाचे खिसे तपासते, काही सापडत नाही, तरी तिचं समाधान होत नाही. मग ती फाटलेलं अस्तर शिवते आणि कोट जागेवर टांगते. खाली पुन्हा तेच, शब्दन् शब्द. हा माणूस ते दोनदा वाचून गेला आणि पेन्सिल उचलली नाही. (मी ह्यांचे खिसे तपासायची, असं तुम्ही गावभर सांगितलंत. शिवण उसवली आहे का, एवढंच पाहायची मी.)

तेव्हा कुठे चप्पल काढली. मग नातीला म्हटलं, सगळं उलटं लिही: जिथे जीव अडकतो, तिथे माणूस चुका पाहायचं विसरतो. शिक्षकांनी दहापैकी तीन गुण दिले. शेरा: "हा पुरावा कादंबरीतला नाही." नात दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. निघताना बांधणीवाल्या बाईचं गाणं जिन्यापर्यंत ऐकू आलं. चांगलं गाते. फारच चांगलं गाते.

आणखी एक, आणि खरं म्हणजे पत्र ह्याचसाठी. हे गेले तेव्हा आठवण म्हणून तुम्ही ह्यांनी तपासलेला दुसरा भाग नेलात, तो तेवढा टपालाने पाठवा. त्यात बायको आजारी पडते म्हणे. तिथेही पेन्सिल थांबली होती का, एवढंच बघायचं आहे. आणि वन्सं, माझी दया येऊन तिथल्या खुणा खोडून पाठवू नका. ह्यांचा हात जड होता, खोडलं तरी मागच्या बाजूला बोटाला लागतं.