स्टाइनार, ही घे लेखी तक्रार

तारॉय बेट,
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय स्टाइनार,

तुझी पाठ आता बरी असेल असं धरून चालते. इकडे ठीक आहे. बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला, त्यामुळे पोस्टापर्यंत जायलाही बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधावे लागतात. कॉड यंदा बरा येतोय. शेजारच्या पेडरने परवा दोन मासे दाराशी ठेवले, बेल न वाजवता, नेहमीसारखेच. ओडमुंडही बरा आहे. त्याचं मग सांगते.

दर रविवारी कॉफीला येणारी बहीण एकदम रजिस्टर पोस्टाने पत्र का धाडते, असं तुला वाटेल. तुझ्या वर्कशॉपच्या विदारला विचार. त्याने मला कळवलंय, "आमच्याकडे आपली एकही लेखी तक्रार नाही. आधीची दोन्ही कामं आम्ही सौजन्य म्हणून केली, त्यामुळे ती वॉरंटीत धरता येत नाहीत." मला 'आपली' म्हणतो! लहानपणी त्याचं नाक मी माझ्या रुमालाने पुसलंय.

लेखी हवं ना? मग घे.

विजेवरची ही गाडी गेल्या मे महिन्यात तुझ्या शोरूममधून घेतली. बेटावरची तुझी पहिली गिऱ्हाईक मी. बाकीचे म्हणत होते, "स्टाइनारला मासे विकता आले नाहीत, तो गाड्या काय विकणार?" मी त्यांच्या नाकावर टिच्चून घेतली. हातात फुलं आणि किल्ली घेतलेला माझा फोटो तू भिंतीवर लावलास. ऑक्टोबरात गाडी चालता चालता बंद पडली. बॅटरीचा एक भाग बदलला, दोन आठवडे लागले. डिसेंबरात पुन्हा तेच, तीच लाल खूण आणि तोच आवाज. या वेळी अख्खी बॅटरी बदलायची ठरली, ती कारखान्यातून यायला साडेपाच आठवडे गेले. आणि ६ फेब्रुवारीला तिसऱ्यांदा.

पहिल्या दोन्ही वेळा मी तुला सांगितलं होतं, स्टाइनार. तुझ्याच स्वयंपाकघरात, वॉफलवर तपकिरी चीज ठेवता ठेवता. तू म्हणालास, "बघतो मी, काळजी नको." मी म्हणाले, "बरं, बरं, होईल सावकाश." सख्ख्या भावाकडे तक्रारीचा कागद कोण घेऊन जातं? आपल्या माणसाशी असं वागत नाहीत, असंच आईने शिकवलं आपल्याला. त्या रविवारच्या कॉफीने माझा घात केला. पहिल्याच खेपेला चौकात उभं राहून ओरडले असते, तर आज माझी बाजू भक्कम असती.

आता तिसऱ्या खेपेचं ऐक. तुला विदारने 'चालकाची चूक' म्हणून सांगितलंय असं कळलं.

तीन वाजताची बोट पलीकडच्या धक्क्याला लागली. उतरणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होते. पुढची चाकं धक्क्यावर, मागची अजून बोटीच्या फळीवर, आणि गाडी मेली. दिवे गेले, काच खाली होईना, चाकं आवळून बसली. मागे सव्वीस गाड्या आणि एक माशांचा ट्रक. ना कुणाला उतरता येईना, ना बोटीला निघता येईना.

बोटीवरची योरून धावत आली. "गुन्वोर, ब्रेक सोड!"

"अगं, तिनेच धरलाय, मी कुठे धरलाय!"

आठ जणांनी ढकलून पाहिलं. पेडर पाय घसरून बसला, उठला, हात झटकले आणि एवढंच म्हणाला, "स्टाइनारकडची ना?" बाकी कुणी चकार शब्द काढला नाही. तुला आपली माणसं माहीत आहेत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पन्नास मिनिटं सगळे गाड्यांत बसून माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. शेवटी ट्रॅक्टर आला आणि चारही चाकं घासत तिला ओढून काढलं. तो आवाज गावात चर्चपर्यंत गेला म्हणतात. योरूनने बोटीच्या नोंदवहीत वेळ आणि कारण लिहिलंय आणि मला तिची प्रत दिली आहे. सोबत जोडते. तिच्यात 'चालकाची चूक' कुठे सापडली तर मलाही दाखव.

चार दिवसांपूर्वी तुझा निरोप आला. आणखी एक संधी द्यायची, आणि त्या बदल्यात हिवाळी टायरचा नवा संच आणि वर्षभर फुकट धुलाई. स्टाइनार, तोंडाला पानं पुसायची तर निदान बहिणीच्या तोंडाला तरी पुसू नकोस. बंद गाडी धुऊन मी करू काय?

एकच दोष दोनदा दुरुस्त करून झाला, तिसरी संधी मी देणार नाही. ग्राहक मंडळाच्या बाईशी मी स्वतः बोलले आहे. तिने नाव विचारलं, मी माहेरचंच लावते, ते सांगितलं. विक्रेत्याचं विचारलं, तेही सांगितलं. "आडनाव एकच दिसतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, भाऊ आहे. पुढे लिहा."

तर हा सौदा मी मोडते आहे. गाडी तुझ्या अंगणातच आहे, किल्ली या पाकिटात आहे. दुसरी गाडी तुझ्या समोरच्या दुकानातून घेईन, तुझ्या काचेतून दिसेल अशी. आणि माझा फोटो भिंतीवरून उतरव.

तू म्हणशील, एका गाडीपायी एवढं? फोनवर तू म्हणालासच, "तुला घाई कसली आहे, निवृत्त बाई तू." मी तेव्हा गप्प बसले. आता गप्प बसत नाही.

मला रोज चार वाजता पलीकडच्या वृद्धाश्रमात पोचायचं असतं. ओडमुंड फक्त बायकोच्या, माझ्या हातून जेवतो, नाहीतर ताट सरकवतो. धक्क्यापासून बावीस किलोमीटर आहेत आणि बस शाळेच्या वेळेची. ऑक्टोबरात तू बदली गाडी दिलीस. डिसेंबरात मागितली तेव्हा म्हणालास, "नाताळ आहे, दोनच गाड्या उरल्यात. गिऱ्हाइकांना आधी देतो, तू काय, घरचीच आहेस." मी पुन्हा म्हणाले, बरं, बरं. साडेपाच आठवड्यांत मी आठ वेळा पोचले. तेही भर दुपारी, त्याच्या झोपेच्या वेळी.

जानेवारीत गाडी मिळाली, त्याच दिवशी चारच्या ठोक्याला त्याच्यासमोर बसले. त्याने नम्रपणे विचारलं, "आपण इथे नवीन का?"

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे होणारच होतं, आज नाही तर उद्या. असेलही. पण तो 'उद्या' माझा होता, स्टाइनार. रोज चार वाजता जाऊन मी तो एकेक दिवस पुढे ढकलत होते आणि मला ते जमत होतं. कुठल्या वॉरंटीत ते बसतं, विचार विदारला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलींनाही नाही. 'ओडमुंड बरा आहे' एवढंच सगळ्यांना सांगते, तुलाही वर तेच लिहिलं.

आता एवढं लिहिलंय तर राहिलेलंही लिहिते. तो तिथे गेल्यापासून दीड वर्षात तू एकदाही आला नाहीस. "मला बघवत नाही" म्हणालास. मलाही बघवत नाही, तरी मी जाते. काल पेडरने मला त्याच्या गाडीने नेलं. बटाट्याचे तुकडे करून देत होते. ओडमुंड बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. सात वर्षं तुम्ही दोघांनी एका बोटीवर मासेमारी केलीत, तेव्हा हसायचा तसा हसला.

"अगं, तू आमच्या स्टाइनारची बहीण ना?" म्हणाला. "हनुवटी तीच! त्याला म्हणावं, ये की एकदा."

आणि सगळं ताट संपवलं.

मी सौदा मोडलाय तो मोडलाय. तू आलास म्हणून मी मागे घेणार नाही आणि मी मागे घेतलं नाही म्हणून तू यायचं थांबू नकोस. गाडीचं उत्तर लेखी पाठव, येत्या शुक्रवारच्या आत. ओडमुंडला मात्र लेखी काही चालत नाही. त्याच्यासमोर चार वाजता येऊन बसावं लागतं.

जिला तो आता फक्त तुझ्यामुळे ओळखतो, ती
स्टाइनारची बहीण