हेस्टरचे पक्षी

कॉल्डबर्न, नॉर्थम्बरलँड
रविवार, ८ ऑक्टोबर १९९५

चि. ऑड्रीस,
एका शेपटीवाल्या चोरापुढे हात टेकलेल्या थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुझा आल्याचा केक पोचला. निम्मा मी खाल्ला, निम्मा शेजारच्या रॉलीने. जाताना तो म्हणाला की जरा कोरडाच होता. म्हणजे आवडला. आमच्याकडचं कौतुक एवढंच असतं, तुला काय सांगायचं!

बाकी बातमी बरी नाही. बागेत पक्षी येईनासे झालेत. मी रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी हेस्टरच्या खुर्चीत बसतो. समोर खांबावर दाण्यांच्या नळ्या, शेंगदाण्याची जाळी, चरबीचे गोळे, सगळं तिने लावलं होतं तस्संच आहे. दिसतं काय, तर गवतात एखादा कस्तूर नाहीतर एखादा धष्टपुष्ट रानपारवा. रामगंगा नाहीत, त्या निळ्या टोपीवाल्या चिमुकल्या नाहीत. कारळ्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या गोल्डफिंच तर वर्षभरात बघितल्या नाहीत. आणि दाणे मात्र दोन दिवसांत सफाचट!

चोर कोण ते मला ठाऊक आहे. खार. खांबावरून तिची झुपकेदार शेपटी लोंबताना मी दोनदा पाहिली. करडी खार, गं, दुसरं कोण? तांबड्या खारी आपल्या रानातून केव्हाच नाहीशा झाल्या, आता राज्य या करड्यांचं. माझे पक्षी तिनेच पळवून लावले.

माझे कसले, हेस्टरचे. तुझ्या वहिनीला जाऊन येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. शेवटच्या आठवड्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की माझ्या पक्ष्यांचं येणं तेवढं तुटू देऊ नकोस. जानेवारीतली बागेतल्या पक्ष्यांची गणती तिने कधी चुकवली नाही. एक तास बसायचं आणि जे उतरतील ते लिहायचे. एकवीस जाती व्हायच्या तिच्या. गेल्या जानेवारीत मी एकटा बसलो आणि कागदावर पाच लिहिल्या. पाकीट पेटीत टाकताना मला चोरट्यासारखं झालं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, मग त्या खारीचं काहीही होवो.

गाडी फाटकाच्या खांबाला जरा घासली. रॉलीने पत्रा ठोकून दिला. फाटकच अरुंद आहे.

केक पुन्हा केलास तर लोभ वाढेल.
तुझा,
विल्फ


व्हिट्बी
रविवार, १५ ऑक्टोबर

ती. विल्फदादास,
धाकट्या, पण जास्त अक्कल असलेल्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

आधी खारीचं बघू. दाण्यांवर लाल तिखट चोळ. पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारीला सोसत नाही. खांब कुंपणापासून चांगला दहा फूट लांब रोव, कारण ती पोरगी उडी मारण्यात पटाईत असते. खांबाच्या मध्यावर पत्र्याचं मोठं नरसाळं उपडं बसव, म्हणजे खालून चढली तरी डोकं आपटून परत जाईल. आणि काही झालं तरी खांबाला ग्रीस लावू नकोस. तुझ्या मनात तेच असणार, मी ओळखते तुला. ते पिसांना लागलं की पक्षी थंडीत गारठून मरतो. हेस्टरने हे तुला हजारदा सांगितलं असेल आणि तू हजारदा वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नसशील.

आता दुसरं. फाटक अरुंद आहे म्हणतोस. दादा, त्या फाटकातून तू एकतीस वर्षं गाडी काढतोयस, ते काय आत्ताच अरुंद झालं? तुझ्या पत्राच्या ओळी हल्ली उजवीकडे चढत जातात आणि शेवटची ओळ तर कागद सोडून टेबलावर गेलेली दिसते.  बाबांचे डोळे असेच गेले. तेही शेवटपर्यंत म्हणत राहिले की दिव्यातच दम नाही.

डोळे तपासून घे. मला तुला घाबरवायचं नाही, पण मीच घाबरलेय, त्याला काय करू?

उलट टपाली उत्तर आलं तरच लोभ राहील.
तुझी,
ऑड्री


कॉल्डबर्न
मंगळवार, ७ नोव्हेंबर

चि. ऑड्रीस,
विजयी वीराचे अ. उ. आ. घे!

उशीर झाला खरा, पण लढाईवर असलेल्या माणसाने पत्रं कधी लिहायची? तिखटाचं तुझं ऐकलं. वारं माझ्याकडे होतं, सगळं माझ्याच तोंडावर आलं आणि मी दिवसभर बादलीत डोकं घालून बसलो. खारीने नंतर ते दाणे आवडीने खाल्ले. नरसाळं बसवलं, तर त्यावर चढून आरामात बसली. तिला मी वर बसायला ओटाच करून दिला! मग, हो, ग्रीस लावलं. तुझं पत्र आठवून तासाभरात पुसूनही काढलं, तेव्हा आता त्यावरून पानभर लिहू नकोस.

शेवटी रॉलीकडचा तारेचा पिंजरा आणला. आत शेंगदाणे ठेवले आणि आज सकाळी पाहतो तर काय, बाईसाहेब आत! मागच्या खोपटात उजेडाच्या बाजूला ठेवलंय तिला, वरून पोतं टाकून. करडीच आहे, पण म्हातारी असावी, कारण दोन्ही कानांवर केसांचे लांब उभे झुपके आलेत, आपल्या हेडमास्तरांच्या कानांना होते तसे. अंग आखडून माझ्याकडे बघत बसलीय. सफरचंदाची फोड दिली, खाल्ली नाही.

पकडलेली करडी खार पुन्हा सोडायची नाही, असा आपला कायदाच आहे. रॉली गुरांच्या बाजाराला गेलाय, गुरुवारी सकाळी नऊला येऊन तो काय ते उरकेल. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा करीन म्हणतो. इतके दिवस तिला शिव्या दिल्या, पण समोर बसली की वाईट वाटतंच. हेस्टरचे पक्षी परत येणार असतील तर एवढं करायलाच हवं.

डोळ्यांचं म्हणशील, तर डॉक्टर आधी गाडीचा परवाना काढून घेईल. इथे बस आठवड्यातून दोनदा येते. मग तू मला व्हिट्बीला नेशील आणि तुझ्या खिडकीत बसवशील, जिथे बघायला फक्त समुद्री कावळ्यांची भांडणं. मी बाबांना त्या खुर्चीत सहा वर्षं पाहिलंय, ऑड्री. तो विषय नको.

यशस्वी भावावर लोभ आहेच.
विल्फ


व्हिट्बी
बुधवार, ८ नोव्हेंबर, दुपारी चार

दादा,
नमस्कार-चमत्कार राहू देत. आधी हे वाच.

ती खार मारू नकोस. ती करडी नाही!

करडीच्या कानांवर झुपके नसतात. कधीच नसतात, म्हातारी असो की तरणी. हिवाळ्यात झुपके येतात ते तांबडीला. हे मला हेस्टरनेच दाखवलं होतं, तुमच्याच बागेत, तुमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. आम्ही दोघी श्वास रोखून खिडकीशी उभ्या होतो आणि तू रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये ड्यूटीवर होतास. पुढे सगळ्या रानातून तांबड्या गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ रडली होती. एक जरी परत आली ना, ऑड्री, तर मी तिच्यासाठी वेगळं ताट मांडीन, असं म्हणायची. आणि ती आलीय, दादा. पोत्याखाली बसलीय.

तुझं पत्र आत्ता अडीचला आलं. तेव्हापासून फोन करतेय, नुसता एंगेज लागतोय. रिसीव्हर जागेवर नीट ठेवलेला नसणार. पोस्टातल्या बाईंना फोन केला तर बुधवार, दुपारनंतर बंद. रॉलीचा नंबर माझ्याकडे नाही, आणि तो बाजारात. आज तिकडे यायला आता गाडी नाही. हे पत्र साडेपाचच्या टपालात घालायला मी स्वतः धावत जातेय. पोस्टमन तुमच्याकडे नऊला येतो की साडेनऊला, हे आठवायचा प्रयत्न करतेय आणि आठवत नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तिचा रंग तुला दिसला नाही. समोर, उजेडात, हातभर अंतरावर तांबडा रंग तुला करडा दिसला. यावर मी आज काही लिहीत नाही.

तुझी,
ऑड्री


कॉल्डबर्न
गुरुवार, ९ नोव्हेंबर

चि. ऑड्रीस,
अनेक आशीर्वाद. ती जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुला बसून वाचता येईल.

रॉली बरोबर नऊला आला. मी ठरल्याप्रमाणे किटली ठेवली आणि नळ उगाच मोठा सोडला, काही ऐकू येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने रॉलीने हाक मारली. पोतं बाजूला आणि पिंजरा रिकामा. काल संध्याकाळी मी तिला पाणी ठेवलं, दार लावलं आणि वरचा आकडा कडीत अडकवला, निदान मला तसं वाटलं. आकडा अडकला होता पोत्याच्या सुताला. खोपटाची खिडकी अर्धी उघडी. बाईसाहेब चालत्या झाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रॉली हसेल म्हणून वाट पाहिली, पण तो हसला नाही. त्याने तारेत अडकलेले चार केस काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं की विल्फ, हे कुठल्या रंगाचे? मी म्हटलं करडे.  तो टोपी काढून खुर्चीत बसला. तेवढ्यात पोस्टमन आला. दहाला पाच मिनिटं होती.

तुझं पत्र मी भिंगातून वाचलं. पुरं करायला पाऊण तास लागला. वाचता आलं नाही ते रॉलीने वाचून दाखवलं, त्यात वेगळ्या ताटाचं होतं ते. त्यानंतर मी जरा रडलो. रॉली बाहेर जाऊन फाटकाचा खांब तपासत उभा राहिला.

माझ्या हातून काय होणार होतं, ऑड्री! आकडा नीट दिसला असता तर तिचं काय झालं असतं, हे मला अजून काही सुचू देत नाहीये. गाडीची किल्ली रॉलीला दिलीय. तो मला सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. भीती वाटतेच, ते लपवत नाही. तू काही प्रार्थना-बिर्थना करत असशील तर कर.

रागावली असशील, तरी लोभ काढून घेऊ नकोस.
विल्फ

ता. क. रिसीव्हर टोपलीत होता.


व्हिट्बी
रविवार, १९ नोव्हेंबर

ती. दादास,
रडून-हसून थकलेल्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, आणि पिकलेले. डॉक्टर म्हणाले की बाबांचं दुखणं वेगळं होतं आणि हे काढता येतं. रॉलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. इतकी वर्षं तू ज्याला भ्यालास ते तुला झालंच नव्हतं. तुला बडवावंसं वाटतंय, पण तब्येतीची चौकशी करते आणि थांबते. ऑपरेशनची तारीख कधीही येऊ दे, मी येऊन राहणार. तुझ्या डोळ्यांत थेंब मी घालणार. तू स्वतः घालशील आणि कानात घालशील.

तोवर दाणे बंद करू नकोस. शेंगदाण्यांना ढकलून उघडायच्या झाकणाची लाकडी पेटी असते, तशी कर आणि झाडावर वेगळी बसव. तांबडीला झाकण उचलता येतं, म्हणजे ती नळ्यांच्या वाटेला जाणार नाही. सुतारकाम तुला डोळे मिटूनही येतं.

लोभ होता, आहे, आणि तुला तो चुकवता येणार नाही.
ऑड्री


कॉल्डबर्न
रविवार, २८ जानेवारी १९९६

चि. ऑड्रीस,
एकडोळ्या भावाचे अ. उ. आ.

तू सोमवारी परत गेलीस आणि घर एकदम शांत झालं. पहिल्यांदा बरं वाटलं, मग नाही. बघ, ओळी सरळ आहेत की नाही? कोणा एकाने आयत्या वेळी माघार घेतली म्हणून ऑपरेशनला माझा नंबर लवकर लागला, त्या भित्र्याचे मी रोज आभार मानतो. दुसरा डोळा उन्हाळ्यात.

एकेक शोध लागतायत. पुढचं दार मी हेस्टर गेल्यावर हिरवं रंगवलं होतं, ते चक्क निळं आहे. रॉली म्हणतो त्याला वाटलं माझी तशीच मर्जी. आणि तुझे केस पांढरे झालेत, ते तू दहा दिवस इथे होतीस तेव्हा मी मुद्दामच बोललो नाही.

आज गणती होती. दहाला हेस्टरच्या खुर्चीत बसलो, मांडीवर कागद. साडेदहाच्या सुमारास ती आली. झाडावरच्या पेटीचं झाकण डोक्याने उचललं, एक दाणा घेतला, झाकण आपोआप पडलं, तर दचकून माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच पाडलं! उन्हात तिची शेपटी विस्तवासारखी दिसत होती. हिला मी करडी म्हणत होतो. गणतीच्या कागदावर खारीला रकाना नसतो. मी समासात लिहिलं: तांबडी, एक.

पण तुला खरं सांगायचं ते वेगळंच आहे. पहिल्या दहा मिनिटांत माझा रकाना भरला. रामगंगा सहा. निळ्या टोपीवाल्या अकरा. काळ्या टोपीच्या, लांब शेपटीच्या, एक गुलाबी छातीचा बुलफिंच आणि त्याची बायको. झाडाच्या सालीवरून उंदरासारखा वर सरकणारा तो तपकिरी पक्षी, हेस्टरचा लाडका. कारळ्यांवर गोल्डफिंच नऊ, नऊच्या नऊ भांडतायत. एकोणीस जाती झाल्या. मी रॉलीला विचारलं की हे सगळे कधी परत आले? तो म्हणाला, विल्फ, हे गेले कधी होते? दोन वर्षं रोज सकाळी फाटकाशी उभा राहून मी बघतोय की, तू खिडकीत बसलेला असतोस आणि ते तुझ्या नाकासमोर खात असतात.

म्हणजे दाणे तेच संपवत होते, ऑड्री. मी रोज त्यांच्यासमोर बसून हेस्टरची माफी मागत होतो की तुझे पक्षी माझ्या हातून तुटले. आणि ते सगळे तिथेच होते.

इथे यायला बस मंगळवारी आणि शुक्रवारी असते. तेवढा लोभ असू दे.
तुझा,
विल्फ