डबी गप्प का झाली

४ मार्च, मंगळवार
कमळला उद्यापासून येऊ नको म्हटलं. सुरगाण्याची पोर, सहा वर्षं माझ्याशेजारी बसून नागलीचे पापड लाटतेय. "मावशी, माझं काही चुकलं का?" काय सांगू तिला. हे म्हणतात, धंदा बसला. खरंच असेल. मी आत पोळपाटाशी, बाहेर हे. आधी ती पैसे आले की बोलणारी डबी दिवसभर कोकलायची. आता कधीतरी खोकते.

६ मार्च, गुरुवार
हे कोणाच्या तरी दहाव्याला गेले, गल्ल्यावर मी. एका पोरीने पापड घेतले, मोबाईल दाखवला, निघाली. डबी गप्प. मी ओरडले, पैसे दे की! बिचारी रडवेली झाली. "आजी, गेले हो, हे बघा." बघून मला काय कळतंय? वाच म्हटलं. तिनं ह्यांचं नाव वाचलं.
दुकानाचं खातं माझं. पैसे काढायला अंगठा माझा. पुढं बरणीवर नवा स्कॅनर चिकटवलाय, तो ह्यांचा. डबी जोडलीय माझ्या जुन्याला, तो मागं भिंतीवर.
चांगल्या पोरीला चोर ठरवलं मी. चोर दहाव्याला जेवत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विचारलं. म्हणतात, "तुला कुठं वाचता येतं? नाव कोणाचं का असेना."
वाचता येत नाही, ऐकू येतं ना! म्हणून तर डबी मुकी केलीत.
"अन् तुझी भिशी?"
भिशी अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हालासुद्धा. लपवणं याला म्हणत नाहीत.
बरं, केलं काय त्या पैशांचं? "पडून आहेत."
पडून! कमळला घरी बसवली, अन् पैसे पडून! ताट तसंच ठेवून उठले.

८ मार्च, शनिवार
आज आपणहून बोलले. "सगळं तुझ्या अंगठ्यावर. दाढीच्या पैशालाही तुझ्यापुढं हात. या वयात लाज वाटते."
मी सांगते, ईशा लिहिते. एवढं लिहू नको म्हटलं होतं मी तिला. नातीनं ऐकलंय कधी? बरं, राहू दे. पण लाज वाटत होती तर तोंड होतं की. राग काही जात नाही.

९ मार्च, रविवार
उलथन्यानं दोन्ही स्कॅनर खरवडून काढले. ह्यांचा, माझाही. गिऱ्हाईक म्हणे, आजी, सुट्टे नाहीत. मग पापडही नाहीत.
कमळला फोन केला. द्राक्षाच्या बागेत लागलीय. "आता हंगाम संपल्यावर बघू, मावशी." मला अजून मावशी म्हणाली, एवढंच.

११ मार्च, मंगळवार
नवा स्कॅनर द्यायला बँकेची बाई आली. "कोणाच्या नावावर?"
दोघं एकदम म्हणालो, माझ्या! चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत.
बाई हसली. "ठरवा, काकू. मी परत येते." फॉर्म ठेवून गेली. नावाची जागा कोरी आहे, असं ईशा सांगते.