थावरा पहिलवानाची दसऱ्याची जोड

तांडा, गोरेगावजवळ
भाद्रपद, २००३

तीर्थस्वरूप हरिचंदमामा वस्ताद यांच्या पायावर भाचा थावरा पहिलवान याचं डोकं. (मान आखडल्यामुळे ते मनातल्या मनातच ठेवलं आहे. मामा, मी मिराबाई. यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं आहे. कंसातलं सगळं माझं. यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून घरात शांतता आहे.) तुमचा दमा कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? आम्ही इकडे ठणठणीत आहोत. पत्रास कारण, यंदा हिंगोलीच्या दसऱ्याला मी आखाड्यात उतरणार आहे आणि जोड लावायला पंच म्हणून तुम्ही बसणार असं कळलं. तरी समोर गडी तगडा द्यावा. एखादं कोवळं पोरगं देऊन भाच्याची अब्रू घालवू नये.

माझी कारकीर्द तुम्हाला नव्याने काय सांगायची, तरी सांगतो. (सांगणारच.) रेवड्यांच्या कुस्तीत मला मातीत पहिल्यांदा तुम्हीच ढकललं. रेवड्या मी जिंकल्या आणि तुम्ही खाल्ल्या. मग नारळाची कुस्ती, मग फेट्याची. तेव्हा तांड्याने बैठक घेऊन ठरवलं की थावराला पहिलवान करायचं, आणि घराघरातून पाळीने दूध येऊ लागलं. ज्या घरची पाळी, त्या घरची लेकरं त्या दिवशी कोरा चहा प्यायची. ते दूध अजून येतं. (मोतीबाईची म्हैस आटली आहे. ती गोरेगावातून विकत आणून देते आणि आपल्याच म्हशीचं म्हणून सांगते.) पुढे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि मी एका रात्रीत जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा पहिलवान झालो. (यांना पाडणारे सगळे परभणीकडे राहिले. एवढी बढती फक्त सरकारच देऊ शकतं.) तेव्हा गदा घेऊन काढलेला फोटो भिंतीवर आहे. गदा फोटोवाल्याची होती.

गेल्या साली कनेरगाव नाक्याच्या फडात वाशिमकडच्या एका गड्याने मला उचलून मानेवर टाकलं. कुस्ती बराबरीत सुटली. (हे उठलेच नाहीत, आणि पंचांना शेवटची जीप गाठायची होती.) तेव्हापासून डावा हात जरा झोपतो, बाकी काही तकलीफ नाही. डॉक्टरने मानेचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "पहलवान, अब बस करो." मी मनावर घेतलं नाही. डॉक्टर फारच लुकडा होता. (त्याने मला बाहेर बोलावून आणखी एक वाक्य सांगितलं. ते खाली लिहिते.)

मामा, रस्त्याने निघालो की जो तो विचारतो, "पैलवान, औंदा कोनाला पाडून राहिला?" शेजारच्या संतरामचा म्हातारा बाप तर म्हणतो, "तुही दसऱ्याची कुस्ती पाह्यली की मी जायला मोकळा." आता या लोकांना काय सांगू? लेकरांच्या तोंडचं दूध मी प्यायलो आणि आता घरी बसतो म्हणून? खरं सांगायचं तर मला भीती वाटते. (हे वाक्य खोडायला सांगितलं होतं. मी खोडलेलं नाही.) पण उतरणार म्हणजे उतरणार. जोड तगडी लावा.

तुमचा भाचा,
थावरा पहिलवान
(अंगठा यांचाच आहे. शाई लावून मी तो कागदावर चांगला जोरात दाबला, तरी हे विचारत होते, "लावला का?")

ता. क. हे आता आतल्या खोलीत खाटेवर बसून नुसते हुंकार देत आहेत, म्हणजे बाहेर वाटावं की जोर चालू आहेत. तेवढ्यात लिहून घेते. डॉक्टरने सांगितलं, "एक बार और गिरे, तो गर्दन के नीचे कुछ नहीं बचेगा." हे मी यांना सांगितलं, तर हे हसले. मामा, ज्याच्यासमोर कोणी उभं राहायला धजत नाही, त्याच्यासाठी पंच उठून म्हणतो ना, "या मैदानात याला जोड नाही"? मग फेटा बांधतात, हलगीवर एक फेरी काढतात आणि न लढवता मानाने बाहेर नेतात. यांच्यासाठी तुम्ही तसं म्हणा. यांना आता शाळेतली पोरगीही पाडील, ते मला माहीत आहे. पण तुम्ही म्हणालात तर तांडा मानेल, आणि हेही मानतील, कारण यांना ते खरंच वाटेल. तुम्ही आयुष्यात खोटा निकाल दिला नाही असं सगळे सांगतात. एवढा एक द्या. मला माझा माणूस चालता-फिरता पाहिजे.

दुसरा ता. क. "काय लिहून राहिली एवढं?" म्हणून यांनी आतून विचारलं. मी म्हटलं, "तांड्यातल्या एकेकाचा नमस्कार लिहून राहिले." तुमचं उत्तर पोस्टमन नेहमीसारखं लिंबाखाली सगळ्यांसमोर वाचेल, हेही तिथेच बसलेले असतील. म्हणून दुसरं काही लिहू नका. फक्त लिहा, तांड्याचे नमस्कार पावले. मी समजेन.