मुठीएवढा खळगा

याहा,

घरात तुला हीच हाक होती, आणि बापाला आबा. ‘आई’ हा शब्द मी तू गेल्यावर आश्रमशाळेत शिकलो. आणि हे लिहितोय तेही त्याच शाळेतल्या मराठीत, जी तुला कधी आली नाही. तू वाचणारच नाहीस म्हटल्यावर कुठल्या भाषेत लिहिलं तरी काय बिघडतं?

मी लग्नांचं शूटिंग करतो. विसरवाडीत हायवेला लागून एका शटरचं दुकान आहे. माझ्याकडे पंख्यांवर उडणारा कॅमेरा आहे, ड्रोन म्हणतात त्याला, वरून सगळं टिपतो. आबाने तो पहिल्यांदा बघितला तेव्हा धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या अंगणात खाटेवर बसून बराच वेळ मान वर करून होता. मग म्हणाला, “हे नदीवर ने. ती कुठे आहे ते बघू.”

ती म्हणजे तू. तुला शेताच्या वरच्या अंगाला मोहाखाली मातीत ठेवलं, आणि काही वर्षांनी धरणाचं पाणी चढत चढत तिथवर आलं. नवं धान्य घरात आलं की आधी आपल्या गेलेल्या माणसांना द्यायचं, मग आपण खायचं. मी एकदा त्याआधीच कणसातले दाणे तोंडात टाकले, तेव्हा चुलीपाशी बसल्या बसल्या तू माझ्या हातावर असा फटका मारलास की दाणे राखेत सांडले. तुझं ते शिकवणं आबा अजून पाळतो. इतकी वर्षं वसाहतीतूनच नदीकडे तोंड करून तुझ्या वाट्याची ज्वारी ठेवायचा. यंदा मात्र अडून बसला. इतक्या लांबून तुला काही पोचत नसणार, जागेवर नेऊन देऊ, तोवर नव्या ज्वारीला मी शिवणार नाही, म्हणाला. म्हातारा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तुला माहीतच आहे.

ड्रोन होडीतून न्यायचा म्हणजे पेटी हवी. याच्या तयार पेट्या मिळतात, पण मी हत्यारांची कडक प्लॅस्टिकची पेटी घेतली, झाकणाच्या कडेने रबराची पट्टी बसवली, आणि शेजारी ट्रकच्या सीटा शिवणाऱ्याकडून घट्ट फोम आणला. त्यावर ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या, जादाचे पंखे ठेवून पेनाने कडा आखल्या आणि ब्लेडने कोरत बसलो. कोरताना तुझी टोपली आठवली. बाजाराला अंडी न्यायची असली की तू भाताचं तूस भरून एकेक अंडं त्यात बसवायचीस, मग टोपली कानाशी धरून हलवायचीस. आवाज आला की पुन्हा सगळं काढायचीस. मला पुढे पळायची घाई, आणि तुझं आपलं चाललेलं. मीही पेटी कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही. मला उगाच वाटलं, आता सगळं नीट होणार.

आबाने कोपऱ्यात एक मुठीएवढा खळगा वेगळा करायला लावला. सीटवाला त्या खळग्यात डोकावून म्हणाला, “आन् आठे काय ठेवशी?” मी म्हटलं, ज्वारी. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

नदीवर मणिबेलीच्या पुढे गेलो. होडीत आबा, मी आणि होडीवाला, पेटी माझ्या मांडीवर. आबाची खूण एकच: मोहाखाली उभं राहिलं की पलीकडच्या मोठ्या डोंगराआड धाकटा डोंगर पुरता लपतो. मी ड्रोन वर नेला, उन्हात दिसावं म्हणून रिमोटच्या स्क्रीनवर टॉवेल धरला. आबा त्यात डोकं घालून बघतोय. नुसतं पाणी, आणि कडेला हिरव्या-तपकिरी सुरकुत्या. वरून बघितलं की डोंगर आडवेच होतात, हे मी रोज बघतो गं, तरी माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

आबा म्हणाला, “आपले डोंगर कुठे गेले?”

मी ड्रोन खाली आणला, पाण्यावर माणसाच्या उंचीला धरला, इकडे नेला, तिकडे नेला. कुठूनही धाकटा डोंगर मोठ्याच्या वर डोकावतच राहिला. मग कळलं. पाणीच मोहाच्या शेंड्यावर चढलेलं. ज्या उंचीवरून तो डोंगर लपायचा ती आता खाली, तुझ्यापाशी. तिथे उभं राहिल्याशिवाय ती खूण जुळणार नाही, आणि तिथे कोण उभं राहणार? बॅटरी संपत आल्याचा आवाज सुरू झाला. ड्रोन परत आणला. होडीवाला बिचारा म्हणाला, कुठेही टाका बाबा, पाणी सगळं एकच. आबाने ज्वारी मुठीत धरली होती. ती त्याने पुन्हा खळग्यात ओतली आणि झाकणाच्या कड्या स्वतः लावल्या.

तेव्हापासून तो रेशनचा भात खातो. नव्या ज्वारीची भाकरी पुढे केली की ताट सरकवतो. वाळत चाललाय. मी काय करू? तुला शोधायचं आता काही उरलेलं नाही, हे त्याला कळलंय आणि मलाही. पेटी मात्र झकास झाली. गिऱ्हाइकं विचारतात कुठून घेतली. खळग्यातल्या ज्वारीबद्दल विचारलं तर सांगतो, हवेतली ओल ओढून घेते.

हे पत्र कुठे टाकणार? ठेवतो त्याच पेटीत, फोमखाली. एक मात्र सांगून टाकतो. परवा खांडबाऱ्याला लग्न होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पंगतीत गरम भाकरी पडली. अर्धी खाल्ल्यावर ध्यानात आलं, नवी ज्वारी. हातावर फटका बसेल असं क्षणभर वाटलं. बसला नाही. मग उरलेलीही खाल्ली.