चौदा पेशी आणि एक डाग

ती. आईस,

नमस्कार, आणि सोबत पोटभर चिडचिड.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. खोलीचं गळकं छप्पर घरमालकिणीने नीट करून घेतलं. आता खरं सांगते.

तीन दिवस मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. जी पेशी मधोमध आणावी, तिच्या केंद्रकाशेजारी एक धूसर डाग हजर! मी चौदा पेशींची चित्रं काढली, प्रत्येकीत तो डाग छान रंगवला. वाटलं, आजवर कुणाला न दिसलेलं माझ्या हाती लागलं. आमच्या बाईंनी एकदाच पाहिलं आणि डोळ्याकडचं भिंग बोटांनी गर्रकन फिरवलं. पेशी जागच्या जागी, डाग मात्र फिरला. तू दिलेलं काजळ होतं ते, भिंगाला लागलेलं. सगळा वर्ग पोट धरून हसला.

तूही हस. पण खोलीवर आले तर तुझं पत्र: "गाठ तपासली, काही निघालं नाही, आता परत कशाला जायचं?" अगं, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय ना? तुझ्या गाठीतल्या पेशींची काचही माझ्यासारख्याच कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असेल. मला नसलेलं दिसलं. त्याला असलेलं दिसलं नसेल तर?

दादाला सुट्टी काढायला लाव आणि सोमवारी त्याच्याबरोबर जा. बाबांचा खोकला कसा आहे?

काजळाची डबी मी बंद करून ठेवली आहे. तू जाऊन आल्याचं कळव, मगच उघडीन.

तुझी,
धाकटी